डीव्हीडी रायटरमधला लेसर: भंगारात शंभर रुपये, टेबलावर किती?

जुन्या कॉम्प्युटरमधला डीव्हीडी रायटर हातात घेऊन त्याच्या पत्र्यावरचे लेबल वाचा. ‘क्लास १ लेसर प्रॉडक्ट’ असे त्यावर छापलेले असते. क्लास १ म्हणजे नेहमीच्या वापरात कोणालाही धोका नाही. आता त्याच ड्राइव्हचे चार स्क्रू काढा, आतला डायोड सुटा करा आणि त्याला करंट द्या. तो थेट क्लास ३बी मध्ये जातो. या वर्गाचा किरण डोळ्यात गेला तर पापणी मिटायच्या आत पडदा भाजू शकतो. डायोड तोच आहे, फक्त त्याच्याभोवतीची पत्र्याची पेटी गेली.

या लेखातला सगळा हिशेब त्या पेटीचा आहे. पेटी तीन कामे फुकटात करत होती. ती किरण बाहेर येऊ देत नव्हती, डायोडची उष्णता धातूच्या ठोकळ्यात उतरवत होती आणि आतल्या सर्किटमधून करंट मोजूनमापून देत होती. डायोड बाहेर काढला की ही तिन्ही कामे तुम्हाला विकत घ्यावी लागतात. ‘शंभर रुपयांत जाळणारा लेसर’ असले व्हिडिओ पाहून कामाला लागणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो. शंभर रुपयांत फक्त डायोड येतो.

खालचे आकडे किरकोळ बाजारातले अंदाज आहेत. बीड, अंबाजोगाई, परळी किंवा माजलगावात दुकानागणिक दहा-वीस टक्के इकडेतिकडे धरून चाला.

भंगारातून काय उचलायचे

बीड जिल्ह्यात डीव्हीडी रायटरचा तुटवडा नाही. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि तालुक्या-तालुक्याला संगणक केंद्रे निघाली. त्यांचे जुने डेस्कटॉप गेली काही वर्षे भंगारात निघत आहेत. याहून चांगला माल मात्र फोटो स्टुडिओ आणि व्हिडिओ मिक्सिंगवाल्यांकडे असतो. लग्नाचे शूटिंग पेनड्राइव्हवर जाईपर्यंत नवरा-नवरीच्या दोन्ही घरांना डीव्हीडीचे संच द्यावे लागत. त्यासाठी घेतलेले रायटर कित्येक दुकानांच्या पोटमाळ्यावर धूळ खात पडले आहेत. ओळखीत मागितले तर फुकटही मिळतील. भंगारवाला नगाला पन्नास ते दीडशे रुपये सांगेल. किलोने देत असेल तर आणखी स्वस्त पडेल, पण मग आत काय आहे ते पाहून घेता येणार नाही.

पाहून घेणे गरजेचे आहे, कारण सगळे ड्राइव्ह सारखे दिसतात आणि आत तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. नुसती डीव्हीडी वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये ६५० नॅनोमीटरचा, जेमतेम काही मिलीवॅटचा लाल डायोड असतो. डीव्हीडी लिहिणाऱ्या ड्राइव्हमध्ये ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल डायोड असतो आणि तो शंभर-दोनशे मिलीवॅटपर्यंत जाऊ शकतो. तिसरा सीडी रायटर, त्यात ७८० नॅनोमीटरचा अवरक्त डायोड असतो.

हा तिसरा घेऊ नका. त्याचा किरण डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, फार तर अंधुक लालसर ठिपका दिसतो. माणसाला वाटते डायोड मेलेला आहे, म्हणून तो वाकून आणखी जवळून पाहतो. दिसणाऱ्या तेजस्वी प्रकाशाला पापणी साधारण पाव सेकंदात मिटते. न दिसणाऱ्या किरणाला ती मिटतच नाही.

फसगत होते ती ‘कॉम्बो’ ड्राइव्हमध्ये. त्यावर सीडी-आरडब्ल्यू आणि डीव्हीडी-रॉम अशी दोन्ही नावे असतात आणि घेणाऱ्याला डीव्हीडी रायटर मिळाल्याचा आनंद होतो. हा ड्राइव्ह डीव्हीडी फक्त वाचतो आणि लिहितो ती सीडी. म्हणजे लाल डायोड दुबळा आणि जोरदार तो अवरक्त, नेमके नको ते. समोर ‘डीव्हीडी’ आणि ‘आर’ किंवा ‘आरडब्ल्यू’ एकत्र छापलेले असेल तरच तो रायटर समजा. लेबलवर १६एक्स, २०एक्स, २२एक्स असा वेग असतो. जितका वेग जास्त, तितका डायोड साधारणपणे दमदार. लॅपटॉपमधले पातळ ड्राइव्ह सोडून द्या. त्यातला डायोड इतका बारीक असतो की नवख्याच्या हातात तो बाहेर येतानाच मोडतो, शिवाय त्याच्या मापाची नळीही सहज मिळत नाही.

कोणत्या बिघाडाने ड्राइव्ह भंगारात आला तेही विचारा. ट्रे उघडत नाही, आवाज करतो, केबल जुन्या पद्धतीची आहे, अशा कारणांनी फेकलेल्या ड्राइव्हचा डायोड बहुधा शाबूत असतो. ‘वाचतो पण लिहीत नाही’ असे कोणी सांगितले तर डायोड थकलेला असण्याची शक्यता मोठी. एक घेऊ नका, तीन घ्या. पहिला डायोड बहुतेक नवख्यांच्या हातून मरतो, म्हणून अंदाजपत्रकात तीनशे रुपये लिहा.

काढताना लागणारी अवजारे

छोट्या स्क्रूड्रायव्हरचा संच दीडशे रुपयांना, टोकदार चिमटा पन्नास ते शंभर, पंचवीस वॉटची सोल्डरिंग आयर्न दोनशे ते साडेतीनशे, सोल्डरची तार आणि फ्लक्स मिळून शंभर, साधा डिजिटल मल्टीमीटर अडीचशे ते चारशे. सगळे मिळून हजाराच्या आसपास जाते. ही अवजारे पुढे वर्षानुवर्षे वापरात राहतात, त्यामुळे लेसरच्या खात्यावर ती निम्मीच धरली तरी हरकत नाही. बारावीनंतर आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला जाणाऱ्याला ती लागणारच आहेत.

ड्राइव्ह उघडल्यावर दोन गुळगुळीत दांड्यांवर सरकणारा एक ठोकळा दिसतो. वर इवलेसे भिंग आणि बाजूला डायोड दाबून बसवलेला. डायोडला तीन पाय असतात आणि त्याचे दोन शत्रू आहेत: स्थिर वीज आणि उष्णता. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत, टेरिकॉटचा शर्ट घालून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हे काम केले तर बोटातून निघणारी, तुम्हाला जाणवणारही नाही अशी ठिणगी डायोडला पुरे होते. म्हणून पायांपासून केबलची पट्टी सोडवण्याआधी तिन्ही पायांभोवती बारीक तांब्याची तार गुंडाळून ते एकमेकांना जोडून टाका. वायरच्या तुकड्यातला एक केस पुरतो, खर्च शून्य. सोल्डरिंगचे टोक पायाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका.

मेलेला डायोड ओळखायला सोपा आहे. तो बंद पडत नाही, मिणमिणत्या लाल बत्तीसारखा उजेड देत राहतो. कितीही भिंग फिरवले तरी त्याचा ठिपका होत नाही. तो दुरुस्त होत नाही. दुसरा घ्या.

करंटचे गणित

लेसर डायोडला व्होल्टेज देऊन चालत नाही, करंट बांधून द्यावा लागतो. सरळ सेलला जोडला तर तो तापतो, तापला की जास्त करंट ओढतो, आणि काही क्षणांत त्याचा आरशासारखा टोकाचा भाग जळतो. हे टाळण्यासाठी जे सर्किट लागते त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि ते टीव्ही दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या भागांतून होते.

एलएम ३१७ नावाची तीन पायांची आयसी पंधरा-वीस रुपयांना मिळते. तिच्या आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या पायांमध्ये एक रेझिस्टर टाकला की ती त्याच्यावर कायम सव्वा व्होल्ट राखते. म्हणून करंट किती, तर १.२५ भागिले रेझिस्टर. १० ओहम टाकले तर १२५ मिलीअँपिअर, १५ ओहम टाकले तर ८३. अर्ध्या वॉटचा रेझिस्टर पुरतो, किंमत एक-दोन रुपये. रायटरच्या डायोडला दोनशे-अडीचशे मिलीअँपिअर देणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. नवख्याने १० ओहमच्या खाली जाऊ नये. थोडा उजेड कमी पडेल, पण डायोड टिकेल आणि चूक झाली तर तीही लहान असेल.

आयसी स्वतः आणि रेझिस्टर मिळून साधारण तीन व्होल्ट खातात आणि लाल डायोडला अडीच-तीन लागतात. म्हणून सहा व्होल्टवर हे सर्किट कुरकुरते, नऊ व्होल्टवर निवांत चालते. पेन्सिल सेल सहा, त्यांचा होल्डर, मिळून शंभर-दीडशे रुपये. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले लिथियम सेल काढून वापरायचा मोह होईल, कारण तेही भंगारातच मिळतात. पण त्यातला कोणता सेल आतून फुटायला टेकला आहे ते बाहेरून कळत नाही आणि लिथियमची आग पाण्याच्या तांब्याने विझत नाही. पेन्सिल सेलच बरे.

डायोड जोडण्याआधी खोटा डायोड जोडून करंट मोजायचा. १एन४००७ हे साधे डायोड चार, ओळीने, आणि त्यांच्या मागे एक ओहमचा रेझिस्टर. या रेझिस्टरवर मल्टीमीटर जितके मिलीव्होल्ट दाखवेल तितके मिलीअँपिअर जात आहेत. दहा रुपयांचे हे सामान शंभर रुपयांचा डायोड वाचवते, तरी दहातले नऊ जण ही पायरी गाळतात. आउटपुटवर ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, तो भरलेला असताना डायोड जोडला तर सारा साठा एका झटक्यात डायोडमध्ये जातो. म्हणून आधी सेल काढा, आउटपुटची दोन टोके एकमेकांना टेकवून रिकामी करा, मग डायोड जोडा.

कोणता पाय धन आणि कोणता ऋण, हे प्रत्येक बनावटीत सारखे नसते. व्हिडिओतल्या चित्रावर विसंबू नका. मालिकेत हजार ओहमचा रेझिस्टर घालून अगदी क्षीण करंटवर तपासा, किंवा मोबाइल दुरुस्त करणाऱ्या माहीतगाराकडून पन्नास रुपये देऊन तपासून घ्या.

सर्किट जोडायची पट्टी, हिट सिंक, कपॅसिटर, वायर, बटण सगळे धरून ड्रायव्हरचा खर्च शंभर ते दीडशे रुपये.

डायोडमधून येणारा प्रकाश किरणाच्या रूपात येत नाही, तो पंख्यासारखा पसरतो. त्याला सरळ करण्यासाठी भिंग आणि उष्णता ओढण्यासाठी धातू लागतो. १२ मिलिमीटर व्यासाची, पुढे भिंग असलेली पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची तयार नळी ऑनलाइन दोनशे-तीनशे रुपयांना येते. डायोड ५.६ मिलिमीटर मापाचा असेल तर तो तिच्यात दाबून बसतो. गावात कोणाकडे लेथ असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यात भोक पाडून घेता येते, पण आट्यांचे माप जुळवत बसण्यापेक्षा नळी मागवलेली परवडते.

चष्मा की डबा

इथे खरा पैसा जातो, आणि इथेच लोक तो वाचवायला बघतात.

हिशेब असा आहे. डोळ्याची बाहुली पूर्ण उघडी असताना एक मिलीवॅटचा दिसणारा किरण पाव सेकंद आत गेला, तर ती सुरक्षिततेची सीमा समजली जाते. पाव सेकंदाने पापणी मिटते. तुमचा भंगारातला डायोड पन्नास ते शंभर मिलीवॅट देतोय, म्हणजे सीमेच्या पन्नास ते शंभरपट. डोळ्याचे स्वतःचे भिंग हा किरण पडद्यावर अगदी बारीक बिंदूत गोळा करते. पडद्याला वेदना जाणवत नाही, त्यामुळे भाजताना काही कळत नाही. कळते ते नंतर, वाचताना ओळीच्या मधोमध एक डाग तरंगू लागतो तेव्हा. तो किरण सरळ येण्याचीही गरज नाही. आपल्या घरात स्टीलचे डबे, चकचकीत फरशी, टीव्हीची काच, कपाटाचा आरसा यांची कमतरता नाही.

लेसरचा चष्मा विकत घेताना दोनच गोष्टी वाचायच्या. काचेवर किंवा दांडीवर तरंगलांबीचा पट्टा आणि पुढे ‘ओडी’चा आकडा कोरलेला असला पाहिजे. ओडी २ म्हणजे प्रकाश शंभर भागांत एक उरतो, ओडी ४ म्हणजे दहा हजारांत एक. लाल डायोडसाठी ६३० ते ६७० नॅनोमीटरचा पट्टा आणि ओडी ४ मागा. युरोपातल्या ईएन २०७ या मानकाचा उल्लेख असेल तर उत्तम. लाल लेसरसाठीच्या चष्म्याच्या काचा निळसर-हिरवट दिसतात. ऑनलाइन अडीचशे-तीनशेला मिळणारा नारिंगी चष्मा हिरव्या-निळ्या लेसरसाठी असतो आणि लाल किरण त्यातून सरळ पार जातो. काळा गॉगल, वेल्डिंगची काच, एक्स-रे फिल्म, यांपैकी काही चालत नाही. खात्रीचा, छापील आकड्यांचा चष्मा तीन हजारांच्या खाली सहसा येत नाही, पाच हजारांपर्यंत जातो. आणि तो खोलीतल्या प्रत्येकाला लागतो. बघायला आलेल्या मित्रालाही.

चष्मा आल्यावर तो डोळ्यावर न घालता तपासा. पाच मिलीवॅटचे साधे लाल मॉड्यूल भिंतीवर रोखा आणि चष्म्याची काच मधे धरा. ठिपका जवळपास नाहीसा झाला पाहिजे. नुसता मंद झाला तर चष्मा परत पाठवा.

तीन-चार हजार नाहीत? मग ड्राइव्ह बनवणाऱ्याने जे केले तेच करा. लेसर डब्यातून बाहेर काढूच नका. पत्र्याचा डबा किंवा जाड प्लायवूडची पेटी, आतून काळा मॅट रंग, झाकणाला पंधरा-वीस रुपयांचा मायक्रोस्विच, म्हणजे झाकण उचलले की करंट तुटतो. आत काय चालले आहे ते जुन्या मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहायचे. मोबाइल आतच बसवून बाहेर दुसऱ्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला तरी चालते, फक्त किरण थेट कॅमेऱ्याच्या भिंगावर पडू देऊ नका, सेन्सर जळतो. भिंग जुळवायचे असेल तर लेसर बंद करा, भिंग थोडे फिरवा, झाकण लावा, चालू करा, बघा. वेळ खाणारे काम आहे, पण सगळी पेटी अडीचशे-तीनशे रुपयांत होते. माझ्या मते नवख्याने चष्मा असला तरी पेटीच बांधावी. हातात धरून भिंतीवर मारायच्या लेसरचा उपयोग काय, या प्रश्नाला आजवर कोणाकडून धड उत्तर मिळालेले नाही.

आता बेरीज. ड्राइव्ह तीनशे, नळी अडीचशे, ड्रायव्हर दीडशे, सेल दीडशे, पेटी आणि स्विच तीनशे, अवजारे हजार. साधारण एकवीसशे-बावीसशे. चष्मा धरला तर पाच ते सात हजार. यात तुम्ही वापरलेल्या त्या एका डायोडचा वाटा शंभर रुपये आहे.

पेटीतल्या लेसरकडून काम करून घ्यायचे तर दोन ड्राइव्हमधल्या, डोके सरकवणाऱ्या छोट्या स्टेपर मोटारी एकमेकींना काटकोनात बसवून चार-एक सेंटिमीटर बाजूचे चिमुकले कोरणारे यंत्र करतात. आर्डुइनो नॅनो तीनशे, मोटारींचे दोन ड्रायव्हर दोनशे, एक मॉस्फेट, वायर. आठशे रुपये आणखी. चालवणारी जीआरबीएल ही प्रणाली फुकट आहे. काळ्या कागदावर, गडद पुठ्ठ्यावर नाव उमटते. लाकडावर फारसे नाही. रेक्झिन आणि पीव्हीसी मात्र कधीही आत घालू नका, त्यातून निघणारा आम्लाचा वायू फुप्फुसांना आणि यंत्रालाही खातो.

घरावर लावायला नावाची पाटीच हवी असेल तर हे सगळे सोडा आणि साइनबोर्डवाल्याकडे जा. त्याच्याकडच्या अ‍ॅक्रिलिक कापणाऱ्या यंत्रात बहुधा कार्बन डायऑक्साइड लेसर असतो. १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये तो शोधणारे सी. कुमार पटेल बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. हे आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत ठळक अक्षरांत असायला हवे होते.

शाळकरी मुलांसाठी चाळीस रुपयांचा रस्ता

अठराच्या आतल्या मुलांनी रायटरचा डायोड हाताळू नये, मोठा माणूस शेजारी असला तरी. त्यांच्यासाठी तीस ते साठ रुपयांना मिळणारे ६५० नॅनोमीटर, पाच मिलीवॅटचे तयार लाल मॉड्यूल आहे. भिंग आणि करंट बांधणारा भाग आतच असतो, मोबाइलच्या चार्जरच्या पाच व्होल्टवर चालते. डोळ्यात मारायचे नाही हा नियम इथेही आहेच. जत्रेतले हिरवे पॉइंटर मात्र घेऊ नका. त्यावर पाच मिलीवॅट छापलेले असले तरी आत कितीही असू शकते, आणि हिरव्याबरोबर न दिसणारा अवरक्त किरणही बाहेर येतो.

या मॉड्यूलवर प्रदर्शनात मांडण्यासारखे पुष्कळ होते. सीडीवरच्या दोन रेषांत १.६ मायक्रॉनचे अंतर असते, डीव्हीडीवर ०.७४. किरण सीडीवर सरळ पाडला तर बाजूचा पहिला ठिपका सुमारे २४ अंशांवर दिसतो, डीव्हीडीवर तोच ६१ अंशांच्या आसपास जातो. कंपासपेटीतल्या कोनमापकाने मुलगा प्रकाशाची तरंगलांबी मोजतो, खर्च दोन फेकलेल्या तबकड्या. दुसरा प्रयोग आमच्या भागाच्या गरजेचा: विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला जाते, तर किरण आणि दहा रुपयांचा एलडीआर (उजेड ओळखणारा रेझिस्टर) समोरासमोर लावून मधून कोणी गेले की भोंगा वाजवायचा. ट्रान्झिस्टर, रिले, भोंगा धरून दोनशे-अडीचशे रुपयांत होतो. धूळ आणि दुपारचे ऊन त्याला गोंधळात टाकतात, म्हणून एलडीआर काळ्या नळीच्या तळाशी बसवा.

केंद्राच्या ‘इन्स्पायर अवॉर्ड – मानक’ योजनेत सहावीपासूनच्या विद्यार्थ्याची कल्पना निवडली गेली तर नमुना करायला १०,००० रुपये त्याच्या बँक खात्यात येतात. नामांकन शाळेमार्फत ऑनलाइन करायचे असते, तेव्हा विज्ञानाच्या सरांना जूनमध्येच गाठा. जवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर सोल्डरिंगचे सामान आणि मीटर तिथे असतात, आणि मग वरच्या हिशेबातले हजार रुपये वाचतात.

काय करू नये याची यादी लांबवत नाही. २०२३ च्या विसर्जन मिरवणुकांनंतर राज्यात तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आल्या आणि २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी लेसर बीम दिव्यांवर बंदी घातली. डीजेपुढे घरचा लेसर नाचवणे म्हणजे तेच, फक्त स्वस्तात. रानडुकरे हाकलायलाही तो वापरू नका. डुकराला त्याचे काही वाटत नाही आणि बांधापलीकडे पाणी द्यायला उठलेला शेजारी असतो. पाटोद्याकडे नायगावच्या मयूर अभयारण्याच्या आसपास तर नकोच.

इतके करूनही किरण डोळ्यात गेला, तर थेंब टाकत बसू नका, त्याने काही होत नाही. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचा नेत्र विभाग गाठा. डॉक्टरांना रंग, अंदाजे मिलीवॅट, अंतर आणि किती वेळ गेला ते सांगा. पडद्याची ओसीटी तपासणी लागते, खासगीत हजार-दोन हजार धरून चाला.

सुटे भाग कुठून आणायचे, तर आयसी, रेझिस्टर, कपॅसिटर बीडमध्येच टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे मिळतील. नळी आणि चष्मा बाहेरून येईल. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सगळे हाताळून घेता येते, पण त्यासाठी खास बस धरली तर जाण्यायेण्याच्या भाड्यात ड्रायव्हरचे सामान दोनदा येईल. कोणी कामानिमित्त जात असेल तर चिठ्ठी द्या, नाहीतर कुरिअर.

डायोड काढून झाल्यावर उरलेला ठोकळा फेकू नका. त्यात नखापेक्षा लहान पण ताकदवान चुंबक असतात, उत्तम भिंग असते आणि बहुतेकांत किरण दोन वाटांनी फोडणारी अर्धपारदर्शक काचही असते. आपल्याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची, गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची वेधशाळा उभी राहायची आहे; केंद्राने २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी मंजूर केले. तिचे तत्त्व हेच आहे: एक किरण फोडायचा, दोन आरशांवरून परत आणायचा आणि एकत्र केल्यावर पडणारे पट्टे बघायचे. चाळीस रुपयांचे मॉड्यूल, ही काच, समोरून चांदी चढवलेले दोन आरसे आणि जड फरशीचा तुकडा एवढ्यावर टेबलावर पट्टे दिसतात. आरसे पन्नास-शंभराला मिळतात. फक्त दोन्ही वाटांची लांबी पट्टीने मोजून शक्य तितकी सारखी ठेवा, स्वस्त मॉड्यूलला त्यातला फरक फार सोसत नाही.